मंगळवारच्या मंजुऱ्या

१६ जुलै २०२४, मंगळवार

उद्या आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी आलेत, बँक बंद. त्यामुळे आज सगळ्यांना लवकर सुटायची घाई होती. तरीही बदल-मंजुरीच्या बैठकीत कर्ज विभागाच्या एसएमएसवर पाऊण तास गेला. हप्त्याची आठवण सकाळी नऊला जावी की अकराला? तीन विभागप्रमुख, तीन मतं. एसएमएस प्रत्येकाला वाचता येतो, म्हणून त्यावर मतही प्रत्येकाला असतं.

यादीच्या तळाशी कोअर बँकिंगच्या डेटाबेसची नवी आवृत्ती होती. जुन्या आवृत्तीला मिळणारी कंपनीची मदत या वर्षअखेर संपते, तेव्हा करणं भागच आहे. सगळ्या शाखांच्या सगळ्या खात्यांची शिल्लक ज्यात बसली आहे, त्या डेटाबेसच्या वाट्याला पाच मिनिटं आली.

"व्हेंडरने टेस्टिंग केलंय ना?"

"केलंय."

"मग करा."

दिवस ठरला. शुक्रवार, २६ जुलैच्या रात्री डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचा हिशेब, झाल्यावर काम सुरू करायचं. २७ ला चौथा शनिवार, शाखा बंद.

फॉर्मवर सात सह्या लागतात. सहावी दुपारी मोबाइलवरून आली, वाखरीहून. आमचे हिशेब खात्याचे प्रमुख दरवर्षी वारीला जातात. मेलमध्ये एवढंच होतं: 'अप्रूव्ह्ड', आणि खाली 'रामकृष्णहरी'. जोडलेली एकवीस पानं त्यांनी उघडली असतील असं मला वाटत नाही. त्यांना दोष द्यावा असंही वाटत नाही. सात जणांच्या सह्या असल्या की उरलेल्या सहांनी वाचलंच असेल, असं प्रत्येक जण धरून चालतो.

मी बँकेत लागले तेव्हा लेजरं होती. क्लार्कने व्हाउचर लिहायचं, अधिकाऱ्याने पास करायचं, दोनच सह्या. पण दुसऱ्या सहीच्या माणसाला पक्कं ठाऊक असायचं, की आकडा चुकला तर संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत त्यालाही घरी जाता येणार नाही. आमच्या सातांपैकी २६ च्या रात्री जागे राहणारे किती, हे आज कुणीच विचारलं नाही.

१९ जुलै, शुक्रवार

दुपारी आयटीतला एक मुलगा मोबाइल घेऊन आला. विमानतळावर इंडिगोने कुणाला तरी हाताने लिहिलेला बोर्डिंग पास दिला होता, त्याचा फोटो. मग टीव्हीवर निळ्या पडद्यांची रांगच लागली. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल पाठवली. आपल्या घड्याळानुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती निघाली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. पण तेवढ्या वेळात ज्या विंडोज संगणकांनी ती उचलली, ते बंद पडले ते पडलेच. आता एकेका यंत्रापाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये उघडून, फाइल हाताने पुसावी लागतेय.

आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही. संध्याकाळी रिझर्व्ह बँकेचं निवेदन आलं: दहा बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ अडचण, बाकी व्यवस्था ठीक.

मला मात्र वेगळंच सतावतंय. ते सॉफ्टवेअर आमच्याकडे असतं, तरी ही फाइल माझ्या मंगळवारच्या बैठकीपुढे आलीच नसती. व्हेंडरकडून थेट यंत्रात. काही ग्राहक मुद्दाम एक आवृत्ती मागे राहतात, आधी दुसऱ्यांचं काय होतं ते बघून मग आपण, असा शहाणा बेत. पण तो बेत मुख्य सॉफ्टवेअरपुरता असतो. अशा रोजच्या फायलींना तो लागूच नव्हता. त्या सगळीकडे एकदमच जात होत्या.

२२ जुलै, सोमवार

अंदाज होताच. चेअरमन साहेबांनी जीएम साहेबांना विचारलं, जीएम साहेबांनी मला: "मॅडम, आपल्याकडे असं होऊ शकेल का?" 'होऊ शकेल' असं उत्तर कुणालाच नको असतं. मी म्हटलं, कोणकोणते व्हेंडर आपल्या यंत्रांत न विचारता काय टाकतात त्याची यादी करते. यादी म्हटलं की सगळे शांत होतात.

एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवे ग्राहक घ्यायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली. त्या निवेदनात ज्या त्रुटींची नावं होती त्यांत 'पॅच आणि चेंज मॅनेजमेंट', म्हणजे माझंच काम, हेही होतं. ते पत्रक मी अजून खणात ठेवलंय. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, तेव्हा मी नेमकं काय काम करते हे घरी पहिल्यांदा कळलं.

रात्री कॅनडातल्या रॉजर्स कंपनीवरचा अहवाल वाचला. ८ जुलै २०२२ ला त्यांचं अख्खं नेटवर्क बसलं. सव्वा कोटीच्या घरात ग्राहक, फोन नाही, इंटरनेट नाही, अनेकांना ९११ हा आणीबाणीचा क्रमांकही लागेना. सुमारे २६ तास. नेटवर्क सुधारण्याचं काम सात टप्प्यांचं होतं, मोडलं सहाव्यात. राउटरवरची एक गाळणी काढून टाकली आणि मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरांवर आदळला.

एका तपशिलाशी मी थांबले. सुरुवातीला या कामाचा धोका 'उच्च' ठरवला होता. पहिले टप्पे सुरळीत पार पडले, तसतसा त्यांच्या गणिती पद्धतीने तो उतरवला आणि सहाव्या टप्प्याला 'कमी' हा शिक्का बसला. म्हणजे मंजुरी होती, धोक्याचं मोजमाप होतं, सगळं रीतसर. मोजमाप फक्त मागे बघून केलेलं होतं.

आमचा फॉर्म काढला. डेटाबेसच्या बदलापुढे 'धोका: मध्यम'. का? '२०१९ चं अपग्रेड यशस्वी झाल्यामुळे.'

आणखी एक. रॉजर्सच्या अभियंत्यांचे स्वतःचे फोन रॉजर्सचेच होते. नेटवर्क गेलं, तसा एकमेकांशी बोलायचा मार्गही गेला. आमच्या टीमची सिमकार्डं तपासली, सगळी एकाच कंपनीची. दुसऱ्या कंपनीची चार प्रीपेड कार्डं मागवली. "बजेट कुठल्या खात्यातून?" असा प्रश्न आला. स्टेशनरीतून, म्हटलं.

२५ जुलै, गुरुवार

पहाटेपासून पुणं पाण्यात. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रोडच्या सोसायट्यांत शिरलंय. एकता नगरीत लष्कर आलं. शाळांना सुट्टी.

आमची डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारी, तिथेच राहते, नदीपासून फार लांब नाही. नऊ वाजता तिचा फोन आला: तळमजल्यात पाणी, वीज नाही, सासूबाईंना शेजाऱ्यांकडे चौथ्या मजल्यावर नेलंय, मोबाइलची बॅटरी उतरतेय. तरी मला म्हणते कशी, "मॅडम, उद्या रात्रीपर्यंत मी कुठूनतरी लॉग-इन करते."

मी जीएम साहेबांना सांगितलं, उद्याचं काम पुढे ढकलते.

"पण काम तर व्हेंडरचा माणूस करणार ना? तो मुंबईत आहे. तिथून रिमोटने करेल."

"पुढे नेणार तो, सर. मागे आणायची वेळ आली तर हिने आणायचं."

"मागे आणायची वेळ कशाला येईल? टेस्टिंग झालंय."

मी गप्प बसले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, बरं, ढकला. मोठा माणूस आहे, एवढं खरं. व्हेंडरने मात्र लांबलचक मेल पाठवला: आमची माणसं राखून ठेवली होती, सात मंजुऱ्या झालेल्या आहेत, आता विलंबाची जबाबदारी कोणाची? मी लिहिलं, मुठा नदीची. मग तेवढं वाक्य खोडून सभ्य मेल पाठवला.

नवी तारीख ९ ऑगस्टची रात्र. १० ला दुसरा शनिवार.

१ ऑगस्ट, गुरुवार

काल रात्री एनपीसीआयने जाहीर केलं, की लहान बँकांना सेवा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला असावा, म्हणून तिच्या मार्गाने येणाऱ्या बँकांना तूर्त तोडलंय. बातम्यांत सुमारे तीनशे बँका म्हणताहेत, बहुतेक सहकारी आणि ग्रामीण. आमचं सॉफ्टवेअर दुसरीकडचं, आम्ही चालूच होतो. तरी सकाळपासून नातेवाइकांचे फोन: "तुमची पण बंद का गं?" आज जोडणी परत सुरू झाली.

इतकं मोठं पाऊल, आणि त्यासाठी मंगळवारची वाट बघायला कुणालाच फुरसत नसते. आमच्या नियमात तातडीच्या बदलाला दोन फोन पुरतात, कागद मागाहून दोन दिवसांत. तो नियम सहीपेक्षा चांगला आहे असं माझं मत होत चाललंय. फोनवर माणूस निदान दोन प्रश्न तरी विचारतो.

आजच्याच तारखेला, २०१२ मध्ये, अमेरिकेत नाइट कॅपिटल ही शेअर-व्यवहार करणारी कंपनी बुडता बुडता राहिली. खरं तर बुडालीच. पुढच्या वर्षी तिला दुसऱ्या कंपनीत विलीन व्हावं लागलं. आमच्या धंद्यात ही गोष्ट सगळे सांगतात, पण अर्धीच. न्यूयॉर्क शेअर बाजाराची नवी योजना त्या सकाळी सुरू होणार होती. त्यासाठीचा नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातांवर चढला. ज्याने चढवला त्याचं काम दुसऱ्या कुणी तपासलं नाही, तसा लेखी नियमच नव्हता. आठव्यावर 'पॉवर पेग' नावाचा, २००३ पासून न वापरलेला जुना कोड पडून होता. नव्या कोडने जुनंच एक बटण पुन्हा वापरायला घेतलं होतं, त्या बटणाने आठव्यावर हा मुडदा उठवला. बाजार उघडायच्या आधी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ मेल पाठवले, त्यांत पॉवर पेगचा उल्लेखही होता. कुणी दखल घेतली नाही. मग ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअर्सचे ४० लाख व्यवहार, तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर.

सांगत नाहीत तो उरलेला अर्धा भाग असा: घोटाळा सुरू असताना त्यांनी मागे यायचा प्रयत्न केला. नवा कोड काढून टाकला. कुठून? जे सात सर्व्हर नीट चालत होते त्यांच्यावरून. आता आठही ठिकाणी तो जुना कोड जागा झाला.

डीबीए कालपासून ऑफिसात येतेय. तिला म्हटलं, ९ तारखेला अजून आठवडा आहे, आपण फक्त परत येऊन बघू या. सुट्या सर्व्हरवर, खऱ्या आकाराच्या बॅकअपने.

६ ऑगस्ट, मंगळवार

बैठकीत आज टीममधल्या एका मुलाने सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, या बैठकीने नेमकं काय साधतं?" सन्नाटा. त्याने 'अॅक्सिलरेट' वाचलंय. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांचं २०१८ चं पुस्तक. त्यांच्या पाहणीत असं निघालं, की ज्या संस्था बाहेरच्या मंडळाकडून बदल मंजूर करून घेतात त्या हळू चालतात, बिघडलं तर दुरुस्तीलाही त्यांना जास्त वेळ लागतो, आणि बदल फसण्याचं प्रमाण काही त्याने घटत नाही.

हिशेब खात्याचे प्रमुख (वारीतून परतलेत, चेहरा रापलाय) म्हणाले, "म्हणजे आम्ही इथे उगाच बसतो?" मुलगा लाल झाला. मी मध्ये पडले, पण त्याला गप्प करायला नाही. तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. ब्रिटिश सरकारी खात्यांसाठी लिहिलेल्या आयटीआयएल पुस्तकांतून ही बैठकीची पद्धत जगभर गेली आणि आमच्यासारख्यांनी तिचा फक्त सांगाडा उचलला. पण त्या पाहणीने बाहेरच्यांच्या मंडळाला नावं ठेवली आहेत. शेजारी बसणाऱ्या, तेच काम जाणणाऱ्या माणसाने तपासण्याला नाही. ते तर व्हाउचर पास करणंच झालं.

आज एवढं पदरात पाडून घेतलं: एसएमएसची वेळ, शाखेचा नवा प्रिंटर, पासबुकावरचा मजकूर, असले नेहमीचे बदल यापुढे बैठकीत येणार नाहीत. ठरलेली पद्धत, शेजाऱ्याची तपासणी, नोंद, झालं. उरलेल्या वेळात मोठ्या कामांची पानं उघडायची. कर्ज विभाग थोडा नाराज दिसला.

आणि डीबीएचा निकाल आला. फॉर्मवर लिहिलं होतं, 'परत यायला लागणारा वेळ: २ तास'. प्रत्यक्षात लागले २ तास ५० मिनिटं. ते 'दोन तास' आले कुठून? २०१९ च्या फॉर्मवरून. तेव्हापासून डेटा किती वाढला, हे फॉर्मला कोण सांगणार.

ग्राहकांना आपण सांगणार सकाळी साडेसहाला एटीएम आणि यूपीआय सुरू. निर्णयाची वेळ पहाटे चार ठरली होती. चाराला परत फिरलो असतो, तर सात वाजत आले असते. आता निर्णयाची वेळ सव्वातीन. फॉर्मवर नवा रकाना हाताने आखला: 'परतायचं हे कोण ठरवणार'. जीएम साहेबांनी त्यात माझं नाव घातलं.

८ ऑगस्ट, गुरुवार

क्राउडस्ट्राइकचा कारणांचा अहवाल आलाय. त्यांच्या साच्यात २१ रकाने होते, सॉफ्टवेअर पुरवत होतं २०. आधीच्या फायलींत एकविसाव्याला काही अट नसल्याने काही बिघडलं नाही. १९ जुलैच्या फाइलने पहिल्यांदा तो एकविसावा तपासायला सांगितला. तपासणी करणाऱ्या प्रोग्रामने फाइल पास केली होती. यापुढे अशा फायली टप्प्याटप्प्याने पाठवू म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रं पडली. जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्काही नव्हे ती, तरी विमानं थांबली.

१० ऑगस्ट, शनिवार, सकाळ

झोप नाही. लिहून ठेवते, नाहीतर सोमवारी प्रत्येकाची आठवण वेगळी असेल.

काल नागपंचमी, घरून पुरणाची दिंडं डब्यात आणली होती, ती अकरालाच संपली. डे-एंड १०:५० ला आटोपला. ११:३० ला एटीएम, यूपीआय, मोबाइल बँकिंग बंद. शेवटचा बॅकअप १२:२० ला पूर्ण. व्हेंडरच्या माणसाने मुंबईहून काम सुरू केलं, पावणेदोनला नवी आवृत्ती उभी राहिली. खोलीत टाळ्या. शिल्लक जुळली, पैशापर्यंत. खालच्या एटीएममधून चाचणीचे पाचशे रुपये निघाले. पुन्हा टाळ्या.

२:२५ ला चाचणीचा डे-एंड लावला. त्यात बचत खात्यांच्या रोजच्या व्याजाचा हिशेब असतो. जुन्या आवृत्तीवर त्याला ३५ मिनिटं लागतात. व्हेंडरच्या टेस्टिंगमध्ये १२ मिनिटांत झालं होतं, म्हणून तो खुशीत होता. २:५५ ला बघितलं तर पाव हिस्साही झालेला नाही.

डीबीएने दहा मिनिटांत कारण हुडकलं. नव्या आवृत्तीने त्या क्वेरीसाठी दुसरीच वाट धरली होती. इंडेक्स सोडून अख्खं टेबल वाचत बसली होती. टेस्टिंगच्या यंत्रावर तीनच शाखांचा डेटा, तिथे अख्खं टेबल वाचूनही बारा मिनिटांत उरकलं.

"अर्धा तास द्या मॅडम, ट्यून करतो," व्हेंडर.

"तीन दहा झालेत."

"अहो, शाखा सोमवारी उघडणार. व्याजाचं शनिवार-रविवारी आरामात बघू. बाकी सगळं चालतंय."

हे ऐकायला फार बरं वाटतं, आणि पहाटे तीनला तर जास्तच. खोलीतले दोन-तीन चेहरे माझ्याकडे आशेने वळले. पण शाखा बंद असल्या तरी साडेसहाला यूपीआय सुरू होणार. कुणीतरी दूध घेणार, कुणीतरी रिक्षाचे पैसे देणार, आणि तो प्रत्येक व्यवहार नव्या आवृत्तीत लिहिला जाणार. त्यानंतर परत यायचं म्हणजे लोकांचे व्यवहार पुसायचे किंवा हाताने पुन्हा भरायचे. सोमवार हा दरवाजा नव्हताच. दरवाजा साडेसहाला बंद होत होता, आणि तिथे वेळेत पोचायचं तर सव्वातीनला निघायला हवं होतं.

"मी जीएम साहेबांना फोन लावू का?" व्हेंडरने विचारलं. लावा म्हटलं. पहिल्या रिंगमध्ये उचलला, म्हणजे तेही जागेच होते. त्यांनी एवढंच विचारलं, "फॉर्मवर कोणाचं नाव आहे?" आणि फोन ठेवला.

३:१५ ला परत फिरलो. डीबीएने आठवड्यापूर्वी लिहून काढलेली पायरीवार यादी समोर ठेवली, बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने प्रत्येक पायरी मोठ्याने वाचली, तिने केली, त्याने टिकमार्क केला. कुणी घाईने काही टाइप केलं नाही. नाइटचे ते सात सर्व्हर माझ्या डोक्यातून जात नव्हते. ६:१० ला जुनी आवृत्ती परत उभी. ६:२५ ला एटीएममधून पाचशे रुपये. ६:३० ला सेवा सुरू.

ग्राहकांपैकी कुणालाही काही कळलं नाही. त्यामुळे कौतुकही कोणी करणार नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

महिन्याच्या अहवालात आमचा बदल लाल रंगात आलाय. सॉफ्टवेअरमध्ये दोनच पर्याय: 'यशस्वी', 'अयशस्वी'. ऑडिटवाल्या काकांनी विचारलं, "हे फेल्युअर कोणामुळे?" त्यांना रात्रीची पूर्ण हकीकत सांगितली. ऐकून म्हणाले, "बरोबर, पण खाने तर दोनच आहेत."

मी तिसरा मागितलाय: 'ठरल्याप्रमाणे मागे घेतला'. हा माझा हट्ट आहे. मागे येण्याला लाल रंग लावला, तर पुढच्या वेळी सव्वातीनला जो कोणी खुर्चीत असेल तो अर्धा तास देईल. मग आणखी अर्धा.

जीएम साहेबांना मी टीएसबीची फाइल दिली. ब्रिटनमधली ही बँक पूर्वी लॉइड्सची, नंतर स्पेनच्या साबादेलने घेतली. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात पन्नास लाखांवर ग्राहकांचा सगळा कारभार नव्या प्रणालीवर हलवला. सोमवारी लोकांना खाती उघडेनात, काहींना तर दुसऱ्यांचीच खाती दिसली. पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. नंतरच्या चौकशीत कळलं, की दोन डेटा सेंटरपैकी भाराची चाचणी एकाचीच झाली होती. नियामकांनी २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. पुढच्या वर्षी त्यांच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखालाही व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा. पुरवठादार कंपनीने 'आम्ही तयार आहोत' अशा आशयाचं पत्र दिलं, आणि त्या कंपनीच्या हाताखालचे पुरवठादार खरंच तयार आहेत का हे या प्रमुखाने पुरेसं तपासलं नाही, असा ठपका.

साहेबांनी दंडाचा आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, "आपल्या व्हेंडरचंही असं पत्र आहे ना फाइलला?"

आहे. रंगीत लेटरहेडवर.

२० ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा तोच बदल मंजुरीला. या वेळी पन्नास मिनिटं चालला. टेस्टिंग आता पूर्ण आकाराच्या डेटावर, खातेदारांची नावं-नंबर बदलून. क्वेरीला इंडेक्सचीच वाट घ्यायला भाग पाडलंय. व्याजाचा हिशेब ३१ मिनिटांत.

व्हेंडरने या जादा टेस्टिंगचं बिल लावलंय. हिशेब खात्याच्या प्रमुखांनी त्यावर सही करायच्या आधी प्रश्न केला, "परत यायची वेळ आली तर त्या रात्री कोण कोण जागं असणार?" त्यांना यादी दिली. त्यांनी वाचली, एका नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं: नेटवर्कचा मुलगा दुसऱ्या दिवशी बहिणीच्या साखरपुड्याला सोलापूरला जाणार आहे, पहाटेची गाडी. हे मलाही माहीत नव्हतं. दुसरा माणूस घेतला. सह्या या वेळी पाचच ठेवल्या. दोघांनी आपणहून नावं काढून घेतली, म्हणाले आम्हाला यातलं कळत नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

झालं. ३:०५ ला चाचणीचा डे-एंड आटोपला. फारसं सांगण्यासारखं काही नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

शनिवारी गणपती. गुरुवारपासून निम्मी टीम कोकणात: एक देवगडला, एक गुहागरला, व्हेंडरकडचे दोघे सावंतवाडीकडे. म्हणून ६ ते १७ सप्टेंबर नवे बदल बंद, फक्त तातडीचे चालतील, असं परिपत्रक काढलं.

तासाभरात कार्ड विभागाचे प्रमुख हजर. त्यांना गणपतीची कॅशबॅक योजना ६ तारखेला लाइव्ह हवीय. छापील बॅनर शाखांत लागलेसुद्धा. टेस्टिंग? "कालच पूर्ण झालंय." परत यायची सोय? "त्याची काय गरज, साधी ऑफर आहे." मी म्हटलं, योजना एका बटणाने बंद करता येईल अशी करून आणा, बंद केल्यावर कार्डं नेहमीसारखी चालतात हे दाखवा, मग परिपत्रकाला अपवाद करते. ते म्हणाले, त्याला दोन आठवडे लागतील.

मग २० सप्टेंबर घ्या.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, तेव्हा पितृपक्ष! पितृपक्षात खरेदी कोण करतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फाइल जीएम साहेबांच्या टेबलावर गेली आहे.